फिका गुलाबी

९ नोव्हेंबर

पवनीच्या मिलमधून गिअरची जोडी परत आली. पोत्यात गुंडाळून, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. धान सोलायच्या मशीनची जोडी, हंगामाच्या तोंडावर आपणच टाकीत बुडवून, काळा थर चढवून दिली होती. पोतं सोडून पाहिलं. दात असे गेलेले, जशी उंदरानं भाकर कुरतडावी. लहान चाकाचे जास्त.

संध्याकाळी मिलमालकाचा फोन. "काकाजी, खरं सांगा. तुमच्या काळ्यानं धोका देल्ला का माह्या फिटरनं?"

मी एका दमात म्हटलं, टाकी मी रोज माझ्या डोळ्यानं तपासतो. काळा थर तेल धरून ठेवते, पण धरायला आधी कोणी टाकलं तं पाहिजे. तेलाचं पाहा.

"हेच म्हनत होतो मी. तुमी म्हनलं म्हंजे झालं."

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. जिल्हा फुटून गोंदिया तिकडं गेलं तेव्हापासून ही टाकी चालवतो, कोणी बोट दाखवलं नाही. नागपूरच्या कारखान्यात दुसऱ्याच्या टाकीत जाळ्या बुडवता बुडवता शिकलेलं काम. कॉलेजवाले येऊन पाहून जातात.

१० नोव्हेंबर

टाकीचं पाणी पेल्यात घेतलं, सोडा सोडून तपासलं. तेज आहे. शेडातला बल्ब मंद झाला, नवा आणायचा. आजकाल पेल्यातलं पाणी गुलाबी व्हायला फार वेळ घेते. रंगाची बाटली जुनी झाली असेल.

थंडी पडायला लागली. गुडघा.

१२ नोव्हेंबर

देवराम आला होता. पवनीच्या मिलचा फिटर. राहतो कारध्याला, रोज बसनं जाऊन येऊन करतो. करत होता. मालकानं कामावरून काढलं.

चप्पल बाहेर काढून आत आला. शेडात कोणी चप्पल काढत नाही, खाली अ‍ॅसिडचं पाणी सांडलेलं असते. "अरे घाल बाप्पा, पाय जळतीन." घातली नाही. एका कोरड्या फरशीवर उभा राहिला, तेवढ्याच जागेत.

"काकाजी, मी तेल टाकलं होतं जी."

"मग दात कसे गेले?"

"थेच तं मले समजून नाई रायलं."

मग मी त्याला शिकवायला बसलो. म्हटलं, दोन नव्या जावा एका चुलीवर आल्या की पहिले काही दिवस मधात सासू लागते. नाही तं भांड्याला भांडं लागते, दोघी एकमेकीला खातात. हा काळा थर म्हणजे ती सासू. स्वतः झिजते, तेल आपल्या पोटात धरते, दोघींना एकमेकींची सवय होऊ देते. पण सासूलाच उपाशी ठेवलं तं ती कोणाला सांभाळन? तेल म्हणजे तिचं जेवण. कोण्या एखाद्या दिवशी राहून गेलं असन. माणूसच आहे.

माझं बोलणं मलाच आवडून राहिलं होतं.

देवराम माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं असन." आणि गेला.

ही जेवताना म्हणाली, कोण आलं होतं? देवराम, म्हटलं. "मंग पानी तरी देल्लं का त्याले?" आठवलं नाही.

१४ नोव्हेंबर

नवा बल्ब लावला. रंगाची नवी बाटली उघडली. तरी तेच. टाकी तेज आहे, बस. काही घालायची गरज नाही.

२० नोव्हेंबर

हिच्या भाचीचं साक्षगंध, पवनीला. हिच्या भावाचा माग आहे घरात, त्याच्या बापाचाही होता. या खेपेला त्यानं थोरल्या बहिणीसाठी स्वतः लुगडं विणलं, कोशाच्या रेशमाचं. ही ते नेसून बायकांत आली. मला म्हणे, कसं दिसते?

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शुभ कामात पांढरं कायले नेसलं वो? मी आहो ना अजून जिता."

मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. हिच्या भावजयीचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. "भाऊजी, पांढरं कुटी जी? गुलाबी होय थे."

हिचा भाऊ पुढं आला. "फिका आहे जवाईबापू. पन गुलाबीच आहे. मुद्दाम फिका घेतला, बाईले भडक नाई आवडत म्हून." त्याचा आवाज असा होता, जसं त्याचंच काही चुकलं.

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, मस्करी केली.

परत येताना बसमध्ये ही खिडकीबाहेर पाहत बसली. मी गुपचूप तिच्या पदराचं टोक धरलं, उन्हात नेलं. पांढरं. तिरपं करून पाहिलं. पांढरंच.

कारध्याचा पूल आला न मला पेला आठवला.

२१ नोव्हेंबर

हिला शेडात नेलं. इतक्या वर्षांत ही दारापर्यंत डबा घेऊन येते, आत कधी नाही. वासानं तिला ठसका लागते. पदर नाकाला लावून उभी राहिली. तोच पदर.

पेल्यात टाकीचं थोडं पाणी घेतलं, रंगाचे थेंब टाकले. म्हटलं, आता मी वरच्या नळीतून सोडा सोडतो, थेंब थेंब. पाणी गुलाबी झालं की सांग.

"कायले?"

"सांग फक्त."

सोडत गेलो. "झालं," ही म्हणाली.

"नीट पाहा."

"झालं न जी. माह्या लुगड्यावानी."

मला पेल्यात साधं पाणी दिसत होतं. मी नळी बंद केली नाही. सोडत राहिलो. ही म्हणाली, अवो बस करा. मग म्हणाली, आता तं रानी कलर झाला. मग म्हणाली, आता जांभूळ पिळल्यासारखं झालं, काय करून रायले तुमी? तेव्हा कुठं मला गुलाबी दिसला. फिका, छान गुलाबी.

हिला सांगत बसलो. म्हणजे स्वतःलाच सांगत होतो. पाण्याला गुलाबी व्हायला जेवढा जास्त सोडा लागला, तेवढी टाकी तेज, असा हिशेब आहे. मला रंग उशिरा दिसते, म्हणून मी सोडा जास्त ओततो, न समजतो टाकी भरल्या पोटाची आहे. म्हणून तिच्यात काही घालत नाही. ती तिकडं ताकाच्या निवळीसारखी पातळ होऊन गेली. लोखंड बाहेर काढलं की काळं दिसते, पण थर नावालाच. आणि काळं मला सगळंच काळं दिसते.

ही ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "देवराम."

मी पेला धुतला. पुन्हा धुतला.

२२ नोव्हेंबर

मन अजून पळवाट शोधते. रात्रभर म्हणत होतो, टाकी आता पातळ झाली असेल, त्या जोडीच्या वेळी चांगली असेल.

सकाळी परत आलेलं गिअर घेतलं. दाताच्या कडेला जिथं घासलं जात नाही तिथला काळा थर तसाच आहे. त्यावर मोरचुदाच्या पाण्याचा थेंब टाकला. थर धड असला तं मोरचूद त्यावर निळा बसून राहते, बराच वेळ काही करत नाही. उघडं लोखंड सापडलं की लगेच तांब्यासारखं लाल.

थेंब पडला न लाल झाला. हिला हाक मारायची गरज पडली नाही. लाल मला दिसते.

सासू उपाशी नव्हती. सासू घरातच नव्हती. न मी त्या पोराला उभं करून जावांची गोष्ट सांगितली. तो चप्पल न घालता ऐकत होता.

२४ नोव्हेंबर

दवाखान्यात डोळे दाखवले. दोन्हीत मोतीबिंदू. डॉक्टरीण बाई हसून म्हणाली, बाबा, किती दिवसांपासून पिवळ्या काचेतून दुनिया पाहता? म्हटलं, मला वाटलं दुनियाच तशी झाली.

तिला हसू आलं. मला नाही.

२६ नोव्हेंबर

टाकी सुधारली. सकाळी ही येते, पेल्याकडे पाहते, "झालं" म्हणते, मी नळी बंद करतो. आता आत येताना पदर नाकाला लावत नाही. सवय झाली म्हणे.

मिलची नवी जोडी बुडवली. जाळीतून काढली तेव्हा अंगठ्याला खरखरीत लागली, मांजरीच्या जिभेसारखी. हे अंगठ्याला पहिलेही समजत असणार. मी अंगठ्याला विचारलंच नाही, डोळ्यांच्या भरवशावर राहिलो. मोरचूद लावून पाहिलं, निळा निळाच राहिला. मग गरम तेलात टाकली. पवनीला धाडली.

२८ नोव्हेंबर

मालकाचा फोन. मशीन मख्खन चालून रायली म्हणे. काय केलं काकाजी?

म्हटलं, या वेळी जरा दाट थर दिला.

या वेळी. जरा. असे शब्द तोंडात तयारच असतात माणसाच्या. कोणी घालून ठेवले कोण जाणे.

मी विचारलं, देवरामचं काय?

"कोन? हाव, थो. नवीन पोट्टा ठेवला जी. गाईले पानी पाजावं तसा मशीनले तेल पाजते. तुमी बरं सांगतलं तवा."

मी म्हटलं, अच्छा.

ही बाजूलाच तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा, पण मान वर केली.

३० नोव्हेंबर

कारध्याला गेलो, देवरामला सांगायला. पक्कं ठरवून. पुलाच्या तोंडाशी पानठेला आहे, तिथं थांबलो. पानाची तलफ आली म्हणून. खरं म्हणजे भीती वाटली म्हणून.

तिथं दोन-तीन माणसं बसली होती. सायकलवर देवराम आला. हायवेवरच्या गॅरेजात ट्रक धुते आता. पँट गुडघ्यापर्यंत ओली. फिटर माणूस, पाना ज्याच्या हातात बोटासारखा चालायचा.

ठेल्यावरचा एक ओरडला, "ओ तेलवाले! चेनले टाकलं का आज?"

दुसरा म्हणाला, "टाकलं म्हनते थो. थो तं दरवेळी टाकलं म्हनते."

सगळे हसले. देवरामही हसल्यासारखं करून पुढं निघून गेला. मला त्यानं पाहिलं की नाही, माहीत नाही.

आणि मी हसलो. पान तोंडात होतं, चार माणसं हसत होती, माझ्याही तोंडातून हसू निघालं. आपोआप. पानवाला मला म्हणाला, तुमचंच चाक खाल्लं न जी यानं? तेव्हा हसू थांबलं, पण "नाही" नाही निघालं.

पान थुंकून घरी आलो. हिनं विचारलं, सांगतलं? म्हटलं, घरी नव्हता.

तिनं मला एकदा पाहिलं. खोटं तिला फिक्यातलं फिकं असलं तरी दिसते.

१ डिसेंबर

काही लिहावंसं नाही.

त्याच्या गावानं त्याचं नाव ठेवलं तेलवाले. ते नाव मी ठेवलं. फोनवर, एका दमात, चहाच्या आधी.

३ डिसेंबर

आज सांगितलं. घरीच गाठलं, दिवस उगवायला, तो गॅरेजात निघायच्या आत. अंगणात त्याची बायको धान पाखडत होती. मी बसलो नाही. म्हटलं, देवराम, तू तेल टाकलं होतं. थर माझा खोटा होता. मले रंग दिसत नव्हता. मोतीबिंदू आहे. मोरचूद लावून पाहिलं.

सगळं उलटसुलट निघालं. शेवटलं आधी, पहिलं शेवटी.

मला वाटलं चिडेल. शिव्या देईल. मी तयार होतो, खरं म्हणजे शिव्याच पाहिजे होत्या मला.

तो म्हणाला, "म्हंजे मी टाकलं होतं?"

"हो."

"टाकलंच होतं न काकाजी?"

मलाच विचारून राहिला होता. जसा मी तेव्हा मिलमध्ये उभा होतो.

त्याची बायको सूप खाली ठेवून म्हणाली, "विचारा याइले. घराले कुलूप लावते न अर्ध्या रस्त्यातून वापस येते पाह्यले, लागलं का नाई. चूल इझवली का, तीनदा उठते. माह्या सासूले वाटते बाहेरचं लागलं. देवाले नवस बोलून बसली थे."

देवराम तिला म्हणाला, चूप बस. मग माझ्याकडे वळला, आणि तेव्हा आवाज चढला त्याचा. "मालकानं काढलं त्याचं नाई वाटलं काकाजी. मालक काय, काढतेच. पन तुमी म्हनलं म्हून मी मानलं, मिलमध्ये जाऊन कबूल बी केलं. तुमी चाकाकडे पाह्यलं बी नाई न म्हनलं. आन मी इकडे रोज डोक्यात थो दिवस लावतो. कुप्पी हातात घेतली, झाकन उघडलं, थेंब सोडला... सोडला का नाई? आता मले थो थेंब दिसतच नाई."

रंग न दिसण्याचं दुःख मी त्याला सांगायला गेलो होतो.

शेवटी तो म्हणाला, "हे मिलमध्ये म्हनान? मालकाच्या कानात नाई. सगळ्याइसमोर. मी येतो संग."

हो म्हटलं.

त्याच्या बायकोनं चहा दिला. मी घेतला. तिनं दिला म्हणून मनाला जास्त लागला.

५ डिसेंबर

पवनीला जाऊन आलो दोघं.

मिल चालू होती, कोंडा उडत होता. मालकानं खुर्ची दिली. मी सांगायला लागलो तसा तो उठला न ऑफिसचं दार लोटलं. "काकाजी, चहा घ्या. हे बाहेर कायले नेता? तुमचीच टाकी बंद पडन. लोक काय म्हनतीन, आंधळा मानूस चाकं काळे करते. न याचं बी आता जमलं कुटीतरी. झालं गेलं."

देवराम दाराबाहेर उभा होता. आत आला नाही.

मी दार उघडलं. बाहेर हमाल, पोते शिवणाऱ्या बाया, नवा फिटर. मशीनच्या आवाजात माझा आवाज जाईना. ओरडावं लागलं. म्हटलं, देवरामनं तेल टाकलं होतं. चाक माझ्यामुळं गेलं. माझे डोळे गेले आहेत, मी कबूल केलं नाही.

म्हातारपणी असं ओरडणं विचित्र दिसत असेल. एक बाई सुई हातात धरून पाहतच राहिली. एक हमाल बाजूच्याला म्हणाला, "काय म्हनते बुढा?" त्यानं सांगितलं. मग तो देवरामकडे पाहून म्हणाला, "अबे, मंग तू कबूल कायले केलं होतं?"

देवराम म्हणाला, "माहीत नाई."

नवा फिटर खाली पाहत होता. त्याचं काय चुकलं. त्याचाही संसार असेल.

मालक म्हणाला, "पाहू. हंगाम उतरू द्या."

पाहू म्हणजे काय, ते मला समजते. देवरामलाही समजलं. पण मिलच्या फाटकातून निघताना पोते शिवणारी ती बाई मोठ्यानं म्हणाली, "येजो रे देवराम, लेकीच्या बारशाले. बलावनं धाडतो." एवढ्या दिवसांत त्याला तिकडून कोणी बोलावलं नव्हतं म्हणे. हे त्यानं बसमध्ये सांगितलं. बाकी बोलला नाही. खिडकीची जागा मी त्याला दिली, त्यानं घेतली. पहिले नसती घेतली.

कारध्याला उतरायच्या आधी त्यानं विचारलं, "काकाजी, थ्या टाकीतून आनखी कोनाकोनाचे चाकं गेले?"

मी म्हटलं, दोन-चार मिलचे. साकोलीकडचे.

"तिकडून काही वापस आलं?"

"नाही. तक्रार नाही."

तो उभा राहिला, दांडी धरून. "माही बी तक्रार नवती आली तुमच्याकडे. मीच आलो होतो." आणि उतरला.

६ डिसेंबर

सकाळपासून तेच.

साकोलीकडून तक्रार नाही, याचं मला आतापर्यंत बरं वाटत होतं. तक्रार नाही म्हणजे काम चोख, असं पंधरा-वीस वर्षं समजत आलो. आता वाटते, चाकं गेलीच असतील. तिथल्या तिथं कोणाच्या तरी माथी मारून मोकळे झाले असतील. नवी चाकं आणली असतील बाजारातून.

मालकांची नावं पाठ आहेत मला. त्यांच्या पोरांच्या लग्नात जेवून आलो. फिटर कोण आहेत, एकाचंही नाव माहीत नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढं ढकलायला सांगितली, आधी साकोली. ही चिडली. मग म्हणाली, मी बी येतो साकोलीले, तुमाले बसची पाटी दिसत नाई. पिशवी भरून दारात ठेवली आहे तिनं.

पण तिथं जाऊन विचारायचं कसं? फाटकातून आत जायचं, राम राम करायचा, न काय म्हणायचं? तुमच्याकडं तेलावरून कोणाला काढलं का, असं?